आधी बादल्या मोजा, मग वाफे आखा

जुळे सोलापूर भागातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात :

"सासूबाईंच्या माघारी आमचे परसदार सहा वर्षे तसेच पडून आहे. जागा साधारण तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब आहे. गाजरगवत, हरळी, लव्हाळा आणि कुंपणाच्या कडेने वेड्या बाभळीची झुडपे माजली आहेत. घराचे काम झाले तेव्हाचा राडारोडाही तिथेच पडला आहे. पश्चिमेला मोठा कडुनिंब आहे. गेल्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस होताच यजमानांनी माणूस लावून सगळी जागा खणून घेतली आणि मेथी, पालक, कोथिंबीर टाकली. मेथी कुजली, माती विटेसारखी घट्ट झाली आणि महिन्याभरात लव्हाळा पूर्वीपेक्षाही दाट आला. शेजारी म्हणतात, तणनाशक मारा, जेसीबी फिरवा आणि वर लाल मातीचा ट्रक ओता. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते. बोअर आहे, पण त्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात. यजमान नुकतेच निवृत्त झाले आहेत आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. आम्हा चौघांपुरती भाजी इथे होईल का? सुरुवात कुठून करावी? आणि सासूबाईंनी मोरीजवळ लावलेले अळू अजून तग धरून आहे, ते ठेवावे का?"

सप्रेम नमस्कार, ताई.

चौघांपुरती पालेभाजी आणि बरीचशी फळभाजी या जागेत नक्की होईल. मात्र त्यासाठी संपूर्ण जागा लागवडीखाली आणण्याची गरज नाही, आणि पहिल्या वर्षी तर ती आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमची जागा बाराशे चौरस फूट, म्हणजे गुंठ्याहून थोडी अधिक आहे. एवढी जागा पाहिली की ती सगळी हिरवी करावी असे कोणालाही वाटते. परंतु सोलापुरात परसबागेचा आकार ठरवायचा तो पाण्यावरून, आणि तो हिशेब कुदळ हातात घेण्याआधी करून ठेवावा लागतो.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडे हिवाळ्यात भाजीच्या वाफ्यातून दिवसाला सुमारे ४ मिलिमीटर पाणी उडून जाते, तर एप्रिल-मे महिन्यांत हेच प्रमाण ८ मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब वाफा म्हणजे पावणेतीन चौरस मीटर होतात. त्याला थंडीत रोज ११-१२ लिटर आणि भर उन्हाळ्यात २२-२४ लिटर पाणी लागेल. घरातल्या भाषेत सांगायचे तर एका वाफ्याला थंडीत जेमतेम एक बादली आणि मे महिन्यात दीड ते दोन बादल्या. सगळी जागा लावली असती, तर मे महिन्यात रोज जवळजवळ ९०० लिटर पाणी लागले असते, आणि चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाच्या भरवशावर ते शक्य नाही.

म्हणून आठवडाभर एक काम करा. भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेले पाणी, पिण्याच्या पाण्याचे यंत्र बसवले असेल तर त्यातून वाया जाणारे पाणी, आणि नळ आल्यावर ओतून दिले जाणारे शिळे पाणी असे सगळे एका पिंपात साठवा व रोज किती बादल्या भरतात ते कागदावर लिहून ठेवा. (यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यातही क्षार अधिक असतात, त्यामुळे ते बाकीच्या पाण्यात मिसळूनच वापरावे.) चौघांच्या घरात काटकसरीने दोन-तीन बादल्या सहज निघतात. त्यात बोअरच्या एक-दोन बादल्या धरल्या तर पहिल्या वर्षाचा आकडा आपोआप ठरतो : चार वाफे, आणि उन्हाळ्यात त्यांतले दोनच. उरलेल्या जागेत फक्त गवत कापत राहायचे.

आता गेल्या जूनमध्ये काय चुकले ते पाहू, कारण ते नीट समजल्याशिवाय पुढची मेहनतही तशीच वाया जाईल. तुमची माती काळी आहे. ही माती भिजली की फुगते, चिकटते आणि हवा आत जाऊ देत नाही. वाळली की आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच, म्हणजे माती चिखलाच्या अवस्थेत असताना तुम्ही ती खणलीत. ओल्या काळ्या मातीवर कुदळ आणि पाय पडले की तिचे कण एकमेकांत घट्ट दाबले जातात आणि वाळल्यावर त्यांची जी ढेकळे होतात, ती खरोखरच विटेसारखी असतात. मेथी कुजली ती त्याच मातीत पाणी साचून राहिल्यामुळे. बियाण्यात काही दोष असावा असे मला वाटत नाही.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, ती अवस्था ओळखणे हेच सोलापुरातल्या परसबागेचे अर्धे शास्त्र आहे. खुरप्याने चार बोटे खोल माती उकरा, मूठभर हातात घ्या आणि लाडवासारखी वळा. तो गोळा कमरेच्या उंचीवरून घट्ट जमिनीवर सोडा. चपटा होऊन तसाच बसला, तर माती अजून ओली आहे आणि दोन दिवस त्या जागेत पायही टाकू नये. गोळा वळलाच जात नसेल, तर माती फार कोरडी आहे. तो पडताक्षणी रवाळ चुऱ्यासारखा फुटला आणि खुरप्याच्या पात्याला माती चिकटलेली दिसली नाही, तर वाफसा आला. त्या दोन-तीन दिवसांत जेवढे काम होते, तेवढे एरवी पंधरा दिवसांतही होत नाही. मोठ्या पावसानंतर काळ्या मातीला वाफशावर यायला तीन ते पाच दिवस लागतात; आभाळ भरलेले असेल तर त्याहूनही अधिक.

दुसरी चूक लव्हाळ्याच्या बाबतीत झाली. त्याचे एक रोप हळूच उकरून पाहा. बुडाशी हरभऱ्याएवढी काळसर गाठ दिसेल, तिच्यातून दोऱ्यासारखे मूळ पुढे गेलेले असेल आणि वीतभर अंतरावर दुसरी गाठ, तिच्यापुढे तिसरी. गाठ नखाने फोडली तर आतून पांढरी निघते आणि तिला मंद सुगंध येतो. या प्रत्येक गाठीतून स्वतंत्र रोप उगवते. पावसाळ्यात खणल्याने ही माळ तुटून गाठी जागेभर पसरल्या, वरून त्यांना पाऊस मिळाला आणि एका रोपाची दहा रोपे झाली. लव्हाळा पावसाळ्यात कधीही खणू नये. त्याला मारायचे ते उन्हाने, आणि सोलापूरचे ऊन या कामी आपल्याला फुकट मिळते.

शेजाऱ्यांचा सल्ला आपुलकीचा आहे, तरी तिन्ही गोष्टी टाळाव्यात असे मी सुचवेन. जेसीबीच्या वजनाने काळी माती खोलवर दाबली जाते आणि बादलीने खरवडताना वरचा सुपीक थर जाऊन खालचा मुरूम वर येतो. लाल माती काळ्या मातीवर पसरली तर दोन्ही थर एकजीव होत नाहीत आणि पाणी नेमके त्यांच्या सांध्यावर अडते. शिवाय काळ्या मातीत पालाश (पोटॅश) मुबलक असते आणि ती ओल धरून ठेवते, हे तिचे गुण आपण विनाकारण झाकून टाकतो. वाळू मिसळण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल, पण चिकण मातीत थोडी वाळू घातल्याने ती भुसभुशीत होण्याऐवजी आणखी घट्ट होते. तणनाशकाबाबत सांगायचे तर, ग्लायफोसेट हे यासाठी सर्रास वापरले जाणारे औषध ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने कीडनियंत्रण व्यावसायिकांखेरीज इतरांनी वापरण्यावर निर्बंध घातले. जिथून उद्या तुम्ही कोथिंबीर खुडणार आहात, आणि जिथे दम्याचा रुग्ण रोज वावरणार आहे, तिथे ते नकोच.

हे उत्तर तुमच्या हाती मार्चमध्ये पडेल आणि कामाला लागण्यासाठी हाच योग्य काळ आहे. सुरुवात कापणीने करा. सहा वर्षे पडून राहिलेल्या जागेत साप आणि विंचू असणार हे गृहीत धरावे. गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे आणि लांब काठी घेतल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकू नये. घराच्या बाजूने कापत कुंपणाकडे जावे, म्हणजे जनावराला बाहेर पळायला वाट राहते. उलट दिशेने कापत आलात तर ते घराकडे ढकलले जाईल. राडारोड्याचा ढीग सर्वांत शेवटी, दिवसाउजेडी, टिकावाने लांबून ढासळवत उचलावा. साप दिसला तर काम थांबवून सर्पमित्रांना बोलवावे. आणि दुर्दैवाने दंश झालाच, तर बांधणे, कापणे, मंत्र असल्या कशातही वेळ न घालवता थेट शासकीय रुग्णालय गाठावे.

गाजरगवताला तुमच्या यजमानांनी हात लावू नये, हे मी आग्रहाने सांगते. त्याचे पराग आणि वाळलेल्या पानांवरचे सूक्ष्म केस यांमुळे त्वचेची अॅलर्जी होते आणि दमा बळावतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण परदेशी धान्याबरोबर आले असे मानतात. आज ते प्रत्येक मोकळ्या जागेत आहे, कारण एकेका झाडाला हजारो बिया येतात. काम करणाऱ्या माणसाने पूर्ण बाह्यांचे कपडे घालून नाका-तोंडावर फडके बांधावे, सकाळी झाडांवर थोडे पाणी शिंपडून मगच ती उपटावीत आणि त्या दिवशी यजमानांनी घराच्या पुढच्या बाजूला थांबावे. फुलोऱ्यावर आलेले गाजरगवत खतासाठी वापरू नका, जाळूही नका. तीन फूट खोल खड्ड्यात पुरा. पुढे जूनमध्ये कुंपणाच्या कडेने टाकळ्याचे बी फेकून ठेवा. टाकळा दाट उगवला की गाजरगवताला जागा मिळत नाही, आणि त्याच्या कोवळ्या पानांची भाजीही होते.

वेड्या बाभळीचे नुसते खोड तोडलेत तर पावसाळ्यात एकाची चार खोडे होतील. तिचे फुटवे जमिनीखालच्या बुंध्यातून येतात, म्हणून वीतभर ते फूटभर खोल उकरून बुंध्यासकट मूळ तोडावे लागते. हे काम मजुराकडूनच करून घ्या. मजुरीवर खर्च करावा तो इथे.

कडुनिंब मात्र ठेवा. भाजीला सहा तास ऊन लागते हे खरे, पण ते पुस्तकातले ऊन आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी तीननंतर पश्चिमेकडून येणारी सावली ही वांग्या-मिरच्यांना संजीवनी ठरते. वाफे झाडाच्या विस्ताराबाहेर, पूर्वेच्या बाजूला घ्यावेत, म्हणजे त्याची मुळे वाफ्यातले पाणी ओढणार नाहीत. शिवाय मे-जूनमध्ये त्याच्याखाली ज्या निंबोळ्या पडतील, त्या वाळवून ठेवा. वर्षभराचे औषध तुमच्या दारातच तयार होते.

जागा मोकळी झाली की माती तपासून घ्या. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडा, सगळी एकत्र कालवा आणि त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरून कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. बोअरचे पाणीही बाटलीत भरून सोबत न्या. तुमच्या भांड्यांवर डाग पडतात यावरून ते क्षारयुक्त आहे हे उघड आहे. किती, ते कळले पाहिजे. घेवडा, कांदा, मुळा आणि गाजर यांना खारे पाणी सोसत नाही. पालक, बीट आणि गवार ते बऱ्यापैकी सोसतात. तेव्हा बोअरचे पाणी दुसऱ्या गटाला आणि घरातले साठवलेले पाणी पहिल्या गटाला, अशी वाटणी करावी. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. वाफ्यात साचलेले क्षार धुऊन खाली नेण्याचे काम हा पाऊसच करतो, म्हणून त्या महिन्यात वाफ्यातून पाणी वाहून जायला वाट हवी. गच्चीचे पाणीही सोडू नका. सहाशे चौरस फुटांच्या गच्चीवर २० मिलिमीटरची एक सर आली तरी नासधूस वजा जाता ९०० लिटर गोड पाणी मिळते. पन्हळीखाली दोनशे लिटरची दोन पिंपे ठेवली, तरी दोन सरींमधले दिवस निभावतात.

मार्चअखेरीस चार वाफ्यांची जागा दोरी लावून आखा. प्रत्येक वाफा तीन फूट रुंद असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि आत पाय टाकावा लागत नाही. मध्ये दीड फुटाची वाट ठेवा. राडारोड्यातले विटांचे तुकडे या वाटेत अंथरता येतील, मात्र सिमेंटचा चुरा वाफ्यात जाऊ देऊ नका. आपल्या मातीत मुळातच चुनखडी भरपूर आहे. आखलेली जागा भरपूर भिजवा, चार-पाच दिवसांनी वाफसा आला की वीतभर खोल खणा, लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काड्या हाताने वेचा, आणि उलटलेली ढेकळे दोन-तीन आठवडे तशीच उन्हात पडू द्या. राहिलेल्या गाठी त्या उन्हात सुकून मरतात. या काळात त्यांना पाण्याचा थेंबही मिळता कामा नये. अवकाळी पाऊस आलाच, तर वाफसा येताच पुन्हा एकदा उलथापालथ करावी.

त्यानंतर शेणखत. दर चौरस मीटरला चार-पाच किलो, म्हणजे एका वाफ्याला साधारण बारा-तेरा किलो आणि त्यासोबत अर्धा किलो निंबोळी पेंड. खत पूर्ण कुजलेले हवे : हातात घेतले तर काळे, भुसभुशीत, शेणाचा वास अजिबात नसलेले. मी स्वतः पहिल्या वर्षी घाईघाईने गोठ्यातले अर्धवट कुजलेले शेण आणून वाफ्यात घातले होते. महिन्याभरात वांग्याची चांगली वाढलेली रोपे भर सकाळी माना टाकू लागली. एक उपटून पाहिले, तर मुळ्या कुरतडलेल्या आणि मातीत अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. ती हुमणी होती. सोळांपैकी अकरा रोपे गेली. तेव्हापासून खत घेताना मी ढिगाच्या आत हात घालून पाहते; आत ऊब लागली तर ते खत त्या वर्षी घेत नाही.

खत मिसळून वाफा सपाट केला की तो पुन्हा भिजवा आणि २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद त्यावर ताणून चारही कडा मातीत गाडून टाका. कागद काळा घेऊ नये, पारदर्शकच घ्यावा, कारण ऊन आरपार जाऊन माती तापली पाहिजे. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, म्हणजे सहा आठवडे तो तसाच राहू द्या. आपल्या उन्हाळ्यात त्याखालच्या वरच्या थराचे तापमान ५० अंशांच्या वर जाते आणि वर्षायु तणांच्या बिया, रोपे कुजवणाऱ्या बुरश्या आणि सूत्रकृमी यांचे प्रमाण पुष्कळ घटते. लव्हाळ्याच्या खोल गाठी याने मरत नाहीत, म्हणून आधीची वेचणी टाळून चालणार नाही. कागद काढल्यावर पुन्हा खोल खणू नका, नाहीतर खालच्या जिवंत बिया वर येतील. फक्त वाटेतली माती ओढून वाफा सहा ते नऊ इंच उंच करा. पावसाळ्यात काळ्या मातीत गादीवाफाच हवा. पुढे उन्हाळ्यात मात्र वाफे सपाट किंवा थोडे खोलगट ठेवावेत.

मृग बरसला आणि वाफसा आला की पेरणी. पहिल्या वाफ्यात भेंडी घ्या. दोन ओळी दीड फुटावर आणि दोन झाडांत एक फूट ठेवले तर वीस झाडे बसतात आणि ती चौघांना पुरतात. परभणी क्रांती हे वाण पाने पिवळी पडण्याच्या केवडा रोगाला सहसा बळी पडत नाही. भेंडी दिवसाआड तोडावीच लागते, दोन दिवस विसरलात तर जून होते आणि झाडही नवी फळे धरायचे कमी करते. दुसऱ्या वाफ्यात गवार आणि चवळी, तिसऱ्यात वांगी आणि मिरचीची रोपे, चौथ्यात माठ, तांदुळजा आणि अंबाडी. आपल्या शहरातल्या तेलुगूभाषक घरांत अंबाडीला गोंगुरा म्हणून किती मान आहे ते तुम्ही जाणताच. कमी पाण्यात, कडक उन्हात तगणारी ही भाजी परसात नसेल तर मला बाग अपुरी वाटते. कुंपणावर दोडका सोडा, आणि त्याच्या बुडाशी कुंभाराकडचे कोरे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवा. मडक्यातून पाझरणारे पाणी थेट मुळांना मिळते आणि वेल उन्हाळ्यातही तग धरतो. एका कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता लावला की त्यांच्याकडे पुढे फारसे पाहावे लागत नाही.

मेथी, पालक, कोथिंबीर यांची खरी वेळ हस्ताच्या पावसानंतरची, म्हणजे ऑक्टोबरची. त्याच सुमारास लसूण, मुळा, गाजर आणि टोमॅटोची रोपे. धणे चपलेने रगडून दोन फाकी करून पेरावेत. मेथी मूठभर फेकण्याऐवजी चार बोटे अंतराच्या ओळींत, एका वेळी वाफ्याच्या चौथ्या हिश्शात पेरा आणि दर आठ-दहा दिवसांनी पुढचा हिस्सा घ्या. सगळी एकदम पेरली की एकदम खावी लागते.

सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. कमी पावसाच्या भागासाठी त्या काळी ज्या शिफारशी पुढे आल्या, त्यांत पाणी जागेवर अडवणे, शेणखत घालणे, बियाणे कमी वापरून अंतर वाढवणे आणि वारंवार कोळपणी करणे यांवर भर होता. परसातल्या वाफ्यालाही हेच लागू पडते. दाटीने लावलेली वीस झाडे तहानेने खुरटतात, तिथे मोकळी लावलेली बारा झाडे अधिक देतात. "एक कोळपणी, अर्धे पाणी" असे शेतकरी म्हणतात ते अक्षरशः खरे आहे. काळ्या मातीला भेग पडली की तिच्यातून खोलवरची ओल उडून जाते. खुरप्याने वरचा बोटभर थर हलवला की भेगा बुजतात आणि ओल आत राहते. कोळपणी झाली की झाडांभोवती उसाच्या पाचटाचे तीन इंच आच्छादन घाला. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही, बहुतेक शेतकरी ते आनंदाने देतात. वाळवी लागू नये म्हणून ते खोडापासून चार बोटे दूर ठेवावे.

किडींची फार धास्ती घेऊ नका. मावा किंवा तुडतुडे दिसले तर अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून पिळून, दहा लिटर पाणी होईल असा अर्क करा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या, तर तो रोग नसून चुनखडीमुळे लोह न मिळाल्याची खूण आहे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्धे लिंबू पिळून फवारले की नवी पाने हिरवी येतात.

लव्हाळा पहिल्या पावसाळ्यात पुन्हा थोडा दिसेल, त्याने खचून जाऊ नका. दर आठवड्याला एक फेरी मारून, रोप दोन-तीन पानांचे असतानाच गाठीसकट काढले, तर त्याला नवी गाठ धरायला वेळ मिळत नाही. हे काम तुमचे यजमान सकाळच्या वेळी निवांत बसून करू शकतील, कारण त्यात धूळही नाही आणि परागही नाहीत. घोळ आणि चिवळ उगवली तर ती तण म्हणून फेकू नका, डाळ घालून भाजी करा. फक्त राडारोड्याच्या जागेतली घेऊ नका.

राहिला सासूबाईंच्या अळूचा प्रश्न. सहा वर्षे कोणी लक्ष न देता ते टिकले, याचा अर्थ ती जागा त्याला मानवली आहे, तेव्हा ते तिथेच राहू द्या. मोरीत कपड्यांच्या पावडरीचे पाणी जात असेल तर तेवढे दुसरीकडे वळवा, कारण त्यातल्या सोडियमने काळी माती आणखी घट्ट होते आणि ते पाणी खायच्या पानांपाशी नसलेलेच बरे. त्या पाण्यावर कर्दळ लावता येईल. अळूला आंघोळीचे साधे पाणी चालते. जून महिन्यात चांगला पाऊस झाल्यावर गड्ड्याभोवतीची माती हाताने मोकळी करा, बाजूला फुटलेली दोन-तीन पिल्ले अलगद सुटी करा आणि ती कडुनिंबाच्या सावलीच्या कडेला, मोरीच्या उताराच्या दिशेने, फूटभर अंतरावर लावा. मूळ गड्डा हलवू नका. श्रावणापर्यंत वड्यांसाठी पाने मिळू लागतील.